कारखाना गेला, धूळ राहिली

मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातला सत्तरीचा निवृत्त कामगार जिना चढताना दम लागतो म्हणून दवाखान्यात येतो. कोरडा खोकला, वजन उतरलेले. क्षयाची तपासणी होते, दम्याचा पंप दिला जातो. विडी ओढता का, हे विचारले जाते. ‘नोकरी कुठे केलीत?’ हे मात्र बहुतेक वेळा विचारायचे राहून जाते.

लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, हा टॉवर आणि मॉलच्या आधी कारखान्यांचा रस्ता होता. मुलुंडला अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे बनत, घाटकोपरला त्याच खनिजापासून गाड्यांच्या ब्रेकची लायनिंग. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत. उद्योगाला हवा असलेला हाच गुण फुफ्फुसाला नडतो. श्वासातून खोल गेलेला तंतू तिथल्या सफाई पेशी गिळू पाहतात; पण तो पेशीहून लांब असतो. पेशी मरते, दाह होत राहतो आणि स्पंजासारखे फुफ्फुस हळूहळू राठ होते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. शिवाय फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे धोके असतातच. मेसोथेलिओमा दिसायला २० ते ४० वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर कारखान्याचे कुलूपही गंजलेले असते.

इटलीने हे सारे घरातच पाहिले. तिथल्या पिएमाँत प्रांतात, बालांजेरोला, पश्चिम युरोपातली सर्वांत मोठी अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. त्याच प्रांतातल्या कासाले मोनफेर्रातो गावात १९०७ पासून १९८६ पर्यंत पत्र्यांचा कारखाना चालला. कामगार तर आजारी पडलेच. पण त्यांचे कपडे धुणाऱ्या बायका आणि कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेले शेजारीही मेसोथेलिओमाने गेले. १९९२ मध्ये इटलीने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आणली. छपरांवरचे जुने पत्रे उतरवण्याचे काम मात्र त्यानंतर कित्येक वर्षे पुरले. खनिज जमिनीतून काढणे सोपे, वस्तीतून काढणे कठीण.

भारतात पत्रे आजही बनतात. कच्चा माल मुख्यतः आयात होतो आणि त्यात रशियाचा वाटा मोठा आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. आजाराची चाल ओळखूनच ही मुदत घातलेली दिसते. कारखाना बंद पडल्यावर त्या वह्या कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतोच.

घरावर अखंड पत्रा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो पत्रा करवतीने कापण्यात, भोके पाडण्यात, फोडून टाकण्यात. पावसाळ्यापूर्वी टेकडीवरच्या वस्त्यांत हीच कामे निघतात. पत्रा आधी पाण्याने भिजवावा, शक्यतो अखंड उतरवावा, मुलांना दूर ठेवावे. चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.

आणि ज्यांनी अशा कारखान्यात काम केले आहे, त्यांनी विडी-सिगारेट आजच सोडावी, कारण दोन्ही एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. डॉक्टरांना कामाचे खाते आणि वर्षे आपणहून सांगावीत. छातीचा एक्स-रे, श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांतून निदान होते. राठ झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य असलेला व्यवसायजन्य आजार आहे, भरपाई मागता येते. त्यासाठी पगाराच्या जुन्या पावत्या, ईएसआयचे कार्ड, नोकरीचा दाखला लागतो. घर रिकामे करताना ही कागदपत्रे रद्दीत देऊ नयेत.