बावीसची गोळी स्वस्त, पण रानडुकरासाठी नव्हे

भात निसवले की गावच्या बैठकीत खताच्या आधी डुकराचा विषय निघतो. गडबला परवा तेच झाले. करपा आणि तुडतुड्यांवर माझे बोलणे चालू होते, तेवढ्यात डोंगराकडे जमीन असलेले एक काका उठले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळेपासून पीकसंरक्षणाचा परवाना आहे, बारा बोअरची एकनळी बंदूक आहे. म्हणाले, "भाऊसाहेब, बाराचं काडतूस आता परवडत नाय. मुंबईचा पाव्हणा सांगतो, बावीसची रायफल घे, तिची गोळी एकदम स्वस्त. मग घेऊ का?"

मी म्हटले, "काका, घेऊ नका." तेव्हा वेळ कमी होता, कारणे सांगायची राहिली. हाच प्रश्न बाकीच्या परवानाधारकांच्याही मनात असणार, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिले कारण कायद्याचे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे मत झाले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. बाराची बंदूक त्यात बसते. बावीसच्या रायफलीचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी. पीक राखायला ती मागितली तर अर्ज पुढे सरकणे कठीण. आणि दुसऱ्याच्या परवान्यावरची रायफल आपल्या शेतात वापरली तर डुकराआधी आपणच अडकायचे.

दुसरे कारण गोळीचेच. बावीस म्हणजे नळीचे तोंड 0.22 इंच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. नेहमीच्या 'लाँग रायफल' गोळीचे शिसे जेमतेम अडीच ग्रॅम, दारू चिमूटभर, आणि ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरलेला. माल कमी, बांधणी सोपी, म्हणून ती स्वस्त. ती बनली निशाण्यासाठी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले ते बावीसच्याच गोळीवर. त्या निशाण्याचा मधला ठिपका एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. कागदावर ही गोळी कमाल करते. पण मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड चामड्याची ढालच असते, आणि बाराच्या काडतुसाचा जोर बावीसच्या दहापटीहून अधिक असतो. बावीसची गोळी खाल्लेले डुक्कर पडत नाही, जखमी होऊन झाडीत शिरते. सकाळी लाकूडफाट्याला गेलेल्या बाईच्या अंगावर तेच येणार.

शिवाय ही चिमुकली गोळी मोकळ्यावर दीड मैलापर्यंत जाऊ शकते. गडबच्या शिवारातून दीड मैलात काय काय येते ते मोजा. मुंबई-गोवा महामार्ग आहे, वस्ती आहे, रात्री राखणीला बसलेला शेजारी आहे.

तेव्हा खर्च वाचवायचा तो बाराच्या काडतुसातच. पुण्याच्या खडकी कारखान्याचे 'शक्तिमान' आपल्याकडे ओळखीचे आहे. हा कारखाना 1869 चा. 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. दुकानात भाव विचारण्याआधी आपल्या बंदुकीची लांबी विचारा. जुन्या बंदुकांत काडतूस बसण्याची जागा बऱ्याचदा 65 मिलिमीटरची असते. तिच्यात 70 चे काडतूसही आत जाते, फसगत तिथेच होते. उडताना त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि जुनी नळी फाटू शकते. नळीवरचा शिक्का वाचता येत नसेल तर बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवा.

मग छर्रा. एलजीचे छर्रे औंसाला 6 आणि एसजीचे 8. सहा नंबरचे मात्र 270 भरतात, ते पाखरांचे. सहा नंबरची पेटी स्वस्त मिळाली म्हणून डुकरावर वापरणे म्हणजे पैसे फुकट आणि जनावर जखमी. एसजीसुद्धा पंचवीस पावलांच्या पुढे फाकतो. लांबून चार बार टाकण्यापेक्षा जवळून एक, हीच खरी काटकसर. मागे धरायला बांध किंवा डोंगर नसेल तर तोही टाकू नये.

एकदम जास्त घेऊन ठेवण्याचाही मोह नको. परवान्यावर जेवढा आकडा आहे तेवढीच, तीही परवानाधारक दुकानातूनच, नोंद करून. आपली हवा दमट. पितळी बुडावर हिरवट डाग आलेले किंवा फुगलेले काडतूस बाजूला काढा. काहीजण ती कोरडी राहावीत म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. कृपा करून तसे करू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात कुलपात ठेवा. बार फुसका गेला तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा मवाळ आला तर दुसरे काडतूस भरण्याआधी नळीतून पलीकडचे दिसते का ते पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे, जे बैठकीत कुणीच विचारले नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव अधिनियमात 2022 ची दुरुस्ती झाल्यापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगी मिळू शकते; त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करावा लागतो. परवानगीने मारले तरी ते जनावर सरकारी मालमत्ता, त्याचे वाटे घालायचे नसतात. गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज यांचा तर विचारही नको.

काकांचे सगळे ऐकून घेतल्यावर मी विचारले, "गेल्या साली नुकसानीचा अर्ज दिला होता का?" म्हणाले, "नाय बा, कोण हेलपाटे घालणार?" चार काडतुसांच्या भावाची एवढी चिंता आणि भरपाईचा कागद कोरा! पिकात डुक्कर घुसले की लगेच, तीन दिवसांच्या आत वन विभागाला लेखी कळवा. सातबारा जोडा, फोटो काढा, पंचनाम्याला स्वतः हजर राहा. ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेबांनीही अशा वेळी शेतकऱ्याला ताटकळत ठेवू नये. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.