साताऱ्याची बँक, सत्तर वर्षांची

२००६ सालचा गणेशोत्सव. गौरी जेवून गेल्या होत्या, विसर्जनाला चार दिवस उरले होते. २ सप्टेंबरला, शनिवारी, बातमी आली की साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर केंद्र सरकारने मोरेटोरियम लावला. मोरेटोरियम म्हणजे काय, हे तोवर बहुतेकांना ठाऊक नव्हते. पण त्याचा अर्थ सोमवारी सकाळी शाखेच्या दाराशी सगळ्यांना कळला. खात्यात कितीही रक्कम असो, हाती जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळणार. मुदत तीन महिन्यांची, १ डिसेंबरपर्यंत.

लग्नासाठी साठवलेले पैसे, निवृत्तीनंतर ठेवीत गुंतवलेला फंड, दुकानदाराचे चालू खाते, सगळे एकाच कुलपात. आणि ज्या बँकेच्या दाराला हे कुलूप लागले ती काही कालपरवा उगवलेली नव्हती. तिला सत्तर वर्षे झाली होती.

या बँकेची गोष्ट सांगताना थोडे मागे जावे लागते. वंगभंगाच्या चळवळीने देशात स्वदेशीची लाट आली. स्वदेशी म्हटले की आपल्याला विलायती कापडाच्या होळ्या आठवतात. पण त्याच लाटेत स्वदेशी बँकाही निघाल्या. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, बडोद्याची बँक १९०८ ची, सेंट्रल बँक १९११ ची. आपला पैसा आपल्या माणसांच्या धंद्याला मिळावा, हा त्यामागचा विचार. सातारा त्यात मागे नव्हते. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९०७ मध्ये सातारा स्वदेशी कमर्शियल बँक काढली. १९१३ मध्ये त्यांनी साताऱ्यातच वेस्टर्न इंडिया विमा कंपनी उभी केली. आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँकेची नोंदणी झाली. पुढच्या वर्षी कामकाज सुरू झाले. एका जिल्ह्याच्या गावी बसून एका माणसाने दोन बँका आणि एक विमा कंपनी उभी करावी, ही आजही नवल वाटावे अशी गोष्ट आहे.

तो काळ बँकांना सोपा नव्हता. १९१३ पासून स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत देशात सुमारे अकराशे लहानमोठ्या बँका बुडाल्या. रिझर्व्ह बँक स्थापन झाली तीच मुळी १९३५ मध्ये. अशा पडझडीत साताऱ्याची बँक टिकली. १९५१ मध्ये तिला शेड्यूल्ड बँकेचा दर्जा मिळाला आणि १९५६ मध्ये थोरली बहीण सातारा स्वदेशी बँक तिच्यात विलीन झाली.

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. पन्नास कोटींहून अधिक ठेवी, ही त्यासाठीची रेषा होती. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्या रेषेच्या वर होती, ती सरकारी झाली. साताऱ्याची बँक रेषेखाली होती, ती खासगी राहिली. १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारने घेतल्या, त्याही वेळी ती वगळली गेली. सांगली बँक, कोल्हापूरची रत्नाकर बँक याही अशाच मागे राहिलेल्या. सरकारी बँकेचा पाठिंबा नाही आणि सहकारी बँकेसारखे सभासदांचे राज्यही नाही, अशा या मधल्या बँका. पण त्यांच्याकडे एक भांडवल होते, ओळखीचे. मॅनेजर गावातला, कर्ज मागणारा गावातला, जामीनही गावातला. कोणाची शेती बागायती, कोणाचा शब्द पक्का, हे कागद न पाहता सांगता येई. युनायटेड वेस्टर्नचा पसारा शेवटी २३० शाखांपर्यंत गेला. नऊ राज्ये, ४७ जिल्हे आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, जळगाव व नागपूर अशी पाच विभागीय कार्यालये. मुख्य कचेरी मात्र अखेरपर्यंत साताऱ्यात.

मग एवढी बँक अडचणीत येते कशी? त्यासाठी बँकेचे पोट कसे चालते ते पाहू.

आपण बँकेत शंभर रुपये ठेवले, तर ते तिजोरीत पडून राहत नाहीत. त्यातला काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. काही भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. उरलेले पैसे कर्जाऊ जातात. कर्जावर मिळणारे व्याज आणि ठेवीवर दिले जाणारे व्याज यांतल्या फरकातून पगार, भाडे, खर्च भागवायचे आणि राहिला तो नफा. बँक दुसऱ्याच्या पैशावर धंदा करते, असे म्हणतात ते खरेच आहे. म्हणून तिने स्वतःचाही काही पैसा पणाला लावावा, असा नियम आहे. कर्जाची जोखीम मोजून, दर शंभर रुपयांमागे निदान नऊ रुपये बँकेचे स्वतःचे, म्हणजे भागधारकांचे आणि राखीव निधीचे असले पाहिजेत. यालाच भांडवल पर्याप्तता म्हणतात.

हे नऊ रुपये म्हणजे नदीकाठचा बांध समजा. शंभरातले तीन रुपये बुडाले तर बांध तीन रुपयांनी खचतो, ठेवीदाराच्या अंगणात पाणी येत नाही. नऊच्या नऊ रुपये बुडाले की बांध संपला. त्यापुढचा प्रत्येक बुडालेला रुपया ठेवीदाराचा असतो. ३१ मार्च २००६ रोजी युनायटेड वेस्टर्न बँकेचे हे प्रमाण शून्याच्या खाली गेले होते.

थकीत कर्जे ही त्यामागची मुख्य व्यथा. पूर्वी थकलेल्या कर्जावरचेही व्याज जमेस धरून ताळेबंद गोंडस दाखवता येत असे. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२ पासून ते बंद झाले. हप्ता ठरावीक दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरवायचे आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद करायची. नियम चांगला होता, पण त्याने झाकलेल्या जखमा उघड्या पडल्या.

प्रादेशिक बँकेची आणखी एक अडचण असते. तिचे बळ तेच तिचे दुबळेपण. ओळखीचा मुलूख म्हणून कर्ज निर्धास्त देता येते. पण त्या मुलखावर संकट आले की सगळे खातेदार एकदम अडचणीत येतात. २००२-०३ च्या सुमारास उसावर लोकरी मावा पडला आणि पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा दक्षिण महाराष्ट्राने हे अनुभवले. ऊस घटला की कारखान्याचे गाळप घटते. मग शेतकऱ्याचे बिल लांबते, वाहतूकदाराचा हप्ता चुकतो, बाजारपेठेतला दुकानदार उधारीत बुडतो. हे चौघेही एकाच बँकेचे कर्जदार असले तर? शिवाय याच लोकांना ठेवी मोडाव्या लागतात. देशभर पसरलेली बँक इथला तोटा दुसरीकडे भरून काढते. मुलखातल्या बँकेला ती सोय कमी. त्यातच बाजूला संगणक आणि एटीएम घेऊन नव्या खासगी बँका उभ्या होत्या. त्यांच्याशी टक्कर द्यायची तर नवे भांडवल हवे. आणि बांध खचलेल्या बँकेला भांडवल देणार कोण?

आता मोरेटोरियमकडे वळू. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा देश हादरला. त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक, बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाला धार आली. रिझर्व्ह बँकेने अर्ज करायचा, सरकारने काही काळ व्यवहार गोठवायचे आणि त्या मुदतीत दुर्बळ बँक सबळ बँकेत विलीन करायची. दुसरी, १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले, सुरुवातीला अवघ्या दीड हजार रुपयांचे.

म्हणजे मोरेटोरियम ही बँकेची तिरडी नव्हे. भुलीचे इंजेक्शन म्हणा. रोगी हलला तर शस्त्रक्रिया होत नाही, आणि बँकेच्या बाबतीत हलणे म्हणजे सगळ्यांनी एकदम पैसे काढायला धावणे. तसे झाले तर धडधाकट बँकही कोसळते, कारण कर्जाऊ गेलेला पैसा एका दिवसात परत आणता येत नाही.

साताऱ्याच्या बँकेसाठी अनेक जण पुढे आले. राज्य सरकारच्या सिकॉमनेही हात पुढे केला. आपल्या मातीतली बँक आपल्या नावाने राहावी, अशी पुष्कळांची इच्छा होती. अखेर रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयची निवड केली. ठेवीदारांची पूर्ण रक्कम सुरक्षित, कर्मचाऱ्यांना नव्या बँकेत सामावून घ्यायचे, भागधारकांना शेअरमागे २८ रुपये. ३ ऑक्टोबर २००६ रोजी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, विलीनीकरण अमलात आले. तीन महिन्यांची मुदत एका महिन्यातच आटोपली. स्वतःच्या शाखा कमी असलेल्या आयडीबीआयला २३० शाखा मिळाल्या आणि साताऱ्याच्या नावाची पाटी उतरली. पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली.

सगळ्यांच्याच वाट्याला असा शेवट येत नाही. शेजारची बँक ऑफ कराड १९९२ च्या रोखे घोटाळ्यात सापडली आणि थेट अवसायनात गेली. २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये विलीन झाली, तेव्हा ठेवीदार वाचले, पण भागधारकांच्या हाती शून्य आले.

या साऱ्यातून सामान्य माणसाने काय घ्यावे? पहिले, ठेवीदार आणि भागधारक यांतला फरक. शेअर घेतला की आपण बांधाचा भाग होतो. पूर आला की आधी आपण वाहून जाणार. दुसरे, ठेवीविम्याची मर्यादा. १९९३ पासून ती एक लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतल्या एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून आणि व्याज धरून मोजतात. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागून उपयोग नाही. तिसरे, हा विमा व्यापारी आणि सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दाराशी येऊन पिग्मी गोळा करणारा कितीही ओळखीचा असला, तरी एवढे विचारून घ्यावे. आणि चौथे, कोणी इतरांपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देत असेल, तर त्याला पैशाची इतकी निकड का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

शेवटी एक योगायोग सांगतो. चिरमुल्यांची विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. त्यांची बँक पन्नास वर्षांनी आयडीबीआयमध्ये गेली. आणि २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने आयडीबीआय बँकेचे ५१ टक्के भांडवल घेतले. साताऱ्याच्या एकाच घरातून निघालेल्या दोन लेकी अशा दूरच्या मोठ्या घरात पुन्हा भेटल्या. माहेरचे नाव मात्र दोघींचेही गेले. ठेवीदाराचा रुपया वाचला, हे महत्त्वाचे आणि समाधानाचे. पण ज्या गावाने एकेकाळी स्वतःची बँक काढण्याची हिंमत केली, त्या गावाला आज कर्जाच्या मंजुरीसाठी मुंबईकडे पाहावे लागते, ही रुखरुखही खोटी नाही.

(रेडिओ भाषणाचे संपादित रूप)