पिकातून उगवलेलं चित्र

पांढुर्णा (2023 पर्यंत छिंदवाडा) जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, पारडसिंगा गाव आहे. तिथे शिल्पकार श्वेता भट्टड यांच्या ग्राम आर्ट प्रोजेक्टने शेतालाच कॅनव्हास केलं. 2014 च्या ‘मेक इन इंडिया’ घोषणेला त्यांनी ‘ग्रो इन इंडिया’ असं उत्तर दिलं, तेही पिकातून पंतप्रधानांचा चेहरा उगवून. गावातल्या बायका बिया गुंफलेल्या राख्या करतात. सण सरला की बी मातीत लावायचं. दिल्लीत कला शिकणाऱ्या मुलांनी अशा ठिकाणी जायलाच हवं. एका फेरीत शेती काय कळणार, हा आक्षेप रास्तच आहे. पण बोंडातला कापूस हातात घेऊन सरकी एकेक करून सोडवताना सुतामागचे कष्ट बोटांना कळतात, ते वर्गात कळत नाहीत. म्हणून मुलांना बांधावर फोटो काढायला उभं न करता कामाला बसवावं, आणि शक्य असेल तर पेरणीला नेलेल्यांनाच वेचणीलाही न्यावं.