लिनक्स कर्नलमधील कालबाह्य इशारे व त्यांचे निर्मूलन

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल होय. प्रोग्रॅमला कर्नलकडून एखादे काम करून घ्यावयाचे असल्यास ते 'सिस्टिम कॉल' या ठरावीक मार्गानेच मागावे लागते. असा एखादा मार्ग नकोसा झाला तरी तो एकाएकी बंद करता येत नाही, कारण त्यावर विसंबून असलेले जुने प्रोग्रॅम बंद पडतात. म्हणून आधी इशारा दिला जातो. परंतु इशारा हाही प्रोग्रॅमच असतो. त्याच्या ओळी सांभाळाव्या लागतात आणि केव्हातरी काढाव्याही लागतात, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

लिनक्समधील 'सिस-सीटीएल' या सिस्टिम कॉलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. चालू कर्नलमधील मांडणी वाचणे व बदलणे हे त्याचे कार्य. प्रत्येक मांडणीची ओळख अंकांच्या मालिकेने होत असे. उदाहरणार्थ, १ व ४ म्हणजे कर्नलची आवृत्ती. हीच माहिती 'प्रॉक' या फाइलव्यवस्थेत नावानिशी उपलब्ध झाल्यावर अंकांचा मार्ग अनावश्यक ठरला. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीपासून, त्याचा वापर करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव कर्नलच्या नोंदवहीत इशाऱ्यासह उमटू लागले.

मात्र प्रत्येक वापरागणिक इशारा छापला तर नोंदवहीच भरून जाईल. म्हणून प्रारंभी केवळ पाच इशारे छापून कर्नल गप्प बसे. साहजिकच सहावा दोषी उजेडात येत नसे. पुढे, कोणत्या मालिकेबद्दल इशारा देऊन झाला आहे हे लक्षात ठेवणारा एक छोटा तक्ता जोडण्यात आला. शिवाय कर्नलच्या आवृत्तीची विचारणा इशाऱ्यातून वगळावी लागली, कारण यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर आहेत का हे पाहण्यासाठी खुद्द 'जीलिबसी' ही प्रमाण लायब्ररीच ती विचारणा करी. तिला बोल लावून सामान्य वापरकर्त्याच्या हाती काय लागणार? एक मार्ग मोडीत काढण्यासाठी गणक, तक्ता आणि अपवाद असा नवा पसारा उभा राहिला तो असा.

इशाऱ्यांचा दुसरा प्रकार कंपायलरकडून येतो. 'हे फंक्शन यापुढे वापरू नये' अशी खूण केलेले फंक्शन कोठे वापरले गेले की कर्नलच्या बांधणीच्या वेळी सूचना छापली जाई. २०१८ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी ही सोयच बंद केली. अशा सूचना प्रत्येकजण दुसऱ्याचे काम समजतो, आणि त्या नित्याच्या झाल्या की खऱ्या धोक्याची सूचनाही नजरेतून निसटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याला फंक्शन नको असेल त्याने ते वापरणारी सर्व ठिकाणे स्वतःच दुरुस्त करावीत, हा त्यांचा आग्रह कठोर वाटला तरी योग्यच म्हणावा लागेल. कारण ती ठिकाणे कर्नलच्या आतच असतात. सिस-सीटीएलचे वापरकर्ते मात्र कर्नलबाहेरचे होते. त्यांचे प्रोग्रॅम कर्नलकारांना दुरुस्त करता येण्याजोगे नव्हते, त्यामुळे तेथे इशाऱ्यावाचून गत्यंतर नव्हते.

जानेवारी २०२० मध्ये ५.५ या आवृत्तीतून सिस-सीटीएलचे प्रत्यक्ष कार्य काढून टाकण्यात आले. काहीही विचारले तरी उत्तर त्रुटीचेच येई. इशारा देणारा भाग मात्र जागेवर राहिला. दुकान उठले, पाटी तेवढी उरली! ऑक्टोबर २०२० च्या ५.९ आवृत्तीत तीही उतरविण्यात आली. त्यामागील कारण सरळ होते : वर्षानुवर्षे इशारे देऊनही ज्यांनी तक्रार केली नाही वा सुधारणा केली नाही, ते यापुढेही करण्याचा संभव नाही, तेव्हा त्यांना सावध करीत राहण्यात अर्थ नाही.

चौसष्ट बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर या कॉलचा क्रमांक १५६ होता. तो अन्य कोणत्याही कॉलला न देता रिकामाच ठेवण्यात आला आहे. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने आजही तो वापरला तर 'हे कार्य उपलब्ध नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि नोंदवहीत सिस-सीटीएलचा जुना इशारा उमटत नाही.