कळ दाबण्याचा अधिकार

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींचा डोलारा मोठ्या कारखान्यांइतकाच त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांवरही उभा आहे. या लघुउद्योजकांपैकी अनेकांना नव्या यंत्रमानवाची किंमत पेलण्याजोगी नसते. तेव्हा वेल्डिंगसाठी अथवा प्रेसवर माल चढविण्यासाठी दुसऱ्या कारखान्याने काढून टाकलेला यंत्रमानव विकत घेण्याचा विचार त्यांच्या मनात यावा, हे स्वाभाविकच आहे. यंत्र जुने झाले तरी त्याच्या हातातील बळ पुष्कळदा शाबूत असते. खरा प्रश्न उभा राहतो तो त्याच्या कंट्रोलरच्या पेटीपाशी.

मूळ जागी हा यंत्रमानव एकटा नव्हता. त्याला ‘चालू हो’ असा हुकूम देणारी मुख्य यंत्रणा, भोवतालचे कुंपण, दारावरचे स्विच आणि थांबविण्याच्या लाल कळा, हा सारा परिवार बहुधा मागेच राहतो. नव्या मालकाला प्रथम हवी असते ती बाहेरून यंत्र चालू करणारी हिरवी कळ. ती जोडणे फारसे अवघड नाही. सामान्यतः 24 व्होल्टचा एक संकेत नेमून दिलेल्या टर्मिनलवर पोहोचवावा लागतो. संकेत जोडण्याची पद्धत बनावटीनुसार बदलते. परंतु माहितीपुस्तक वाचणाऱ्या कुशल वायरमनला ते साधते.

तरीही यंत्र हलत नाही. कारण दाराच्या व लाल कळांच्या तारा तुटलेल्या असतात. सुरक्षेच्या परिपथातून प्रवाह अखंड वाहत असेल तरच यंत्राला हलण्याची मुभा मिळते. तार तुटली की यंत्र थांबते. एक संपर्क चिकटून बसला तरी दुसऱ्याने काम करावे, म्हणून हा परिपथ दुहेरी ठेवलेला असतो. म्हणजे यंत्राचा नकार हा त्याचा दोष नसून त्याचे शहाणपण आहे. पण मालाची मुदत जवळ आलेली असते आणि कोणी तरी दोन टर्मिनलांमध्ये वीतभर तार अडकवून मोकळा होतो. कामगारांच्या भाषेत हा ‘जंपर’. त्या क्षणापासून दार सताड उघडे असले तरी कंट्रोलरच्या लेखी ते कायमचे बंद असते.

याचे मोल काय असू शकते, हे जगाने पाहिले आहे. 1979 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, 1981 साली जपानमधील आकाशी येथे आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील मानेसर येथे यंत्रमानवाच्या आघाताने कामगार दगावले. तिन्ही प्रसंगांची कारणे एकच नव्हती. परंतु माणूस यंत्राच्या आवाक्यात होता आणि यंत्राची हालचाल बंद झालेली नव्हती, एवढे तिन्हींत समान होते.

म्हणूनच आधी थांबविण्याची सोय आणि मग चालू करण्याची, हा क्रम अटळ मानावयास हवा. दार बंद होताच यंत्र आपोआप चालू होता कामा नये. आत कोणी नाही हे डोळ्यांनी पाहता येईल अशा कुंपणाबाहेरील जागेवरून ‘रीसेट’ करावे आणि त्यानंतरच हिरवी कळ दाबावी. यंत्राला हालचाली शिकविताना तर ती कळ पूर्णतः निष्प्रभ असावी; त्या वेळी सेकंदाला 250 मिलिमीटर या मर्यादेतील मंदगती आणि शिकविणाऱ्याच्या हातातील पेंडंट यांचाच अंमल चालावा.

कायद्याने या प्रश्नाकडे डोळेझाक केली होती असे नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 21 ने धोकादायक यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले होते. 1987 साली जोडलेल्या कलम 7-ब ने यंत्र पुरविणाऱ्यावरही जबाबदारी टाकली होती. आता त्या अधिनियमाची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण प्रत्येक पेटी उघडून जंपर शोधणे कोणत्याही निरीक्षकाच्या आवाक्यातले नाही.

लघुउद्योजक विचारील, एवढा खर्च आणावा कोठून? त्याची अडचण खोटी नाही. परंतु कुंपण, दाराचे स्विच आणि सुरक्षा-रिले यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावयास हवा. तो धरल्यावर यंत्र परवडत नसेल, तर ते मुळातच परवडणारे नव्हते. ‘निमा’, ‘आयमा’ यांसारख्या उद्योजक संघटना आणि सातपूरची आयटीआय यांनी मिळून जुन्या यंत्रमानवांच्या जोडणीचे शिक्षण व तपासणी यांची सोय केली, तर एकट्या कारखानदारावरील भार हलका होईल. हिरवी कळ दाबणाऱ्याच्या बोटावर आत वाकलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. ती दाबण्याचा अधिकार त्या माणसाला पाहू शकणाऱ्यालाच असला पाहिजे.