शेवटचा अंक काय करतो?

आम्ही चौघा पुस्तकवेड्यांनी आपापल्या घरच्या पुस्तकांची एकच यादी केली. एकच पुस्तक दोघांनी विकत घेऊ नये, एवढाच हेतू. प्रत्येक पुस्तकाची ओळख म्हणून आयएसबीएन क्रमांक लिहिला. हाताने १३ अंक उतरवताना चुका होणारच. पण त्या पकडण्याची सोय क्रमांकातच असते.

डावीकडून पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, पुन्हा १ ने, असे गुणत जा आणि बेरीज करा. ९७८०३०६४०६१५७ या क्रमांकाची बेरीज १०० येते. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. शेवटचा अंक त्यासाठीच निवडलेला असतो. कोणताही एक अंक चुकला, की भाग जात नाही.

तरीही आमच्याकडे एक पुस्तक दोनदा आलेच! उतरवताना ४९ चे ९४ झाले होते. ४ + २७ = ३१; ९ + १२ = २१. फरक नेमका १०, म्हणून चूक निसटली. शेजारच्या अंकांत ५ चा फरक असला, की अदलाबदल अशीच लपते. २००७ पूर्वीच्या दहा अंकी क्रमांकांची तपासणी ११ ने होई. तिथे ही पळवाट नव्हती.

आता आम्ही क्रमांकाशेजारी नाव आणि लेखकही लिहितो. १९७० च्या आधी छापलेल्या पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच. त्यांना शाळेच्या ग्रंथालयासारखा आपलाच दाखल क्रमांक देतो, तोही पहिल्या पानावर, पेन्सिलीने.