‘पोट सुटणे’ : एक वाक्प्रयोग आणि प्रसूतीनंतरचे उदर

प्रसूतीला मराठीत ‘सुटका’ असेही म्हणतात. ‘बाई सुखरूप सुटली’, ‘मोकळी झाली’ असे सांगताना बोलणाराच्या स्वरात समाधान असते. पुढे काही आठवड्यांनी त्याच बाईविषयी ‘हिचे पोट सुटले’ असे म्हटले जाते, तेव्हा धातू तोच राहतो. समाधानाची जागा मात्र उणेपणाच्या भावनेने घेतलेली असते. पहिल्या प्रयोगात ‘सुटणे’ म्हणजे बंधनातून मोकळे होणे, दुसऱ्यात आवराबाहेर जाणे. हा दुसरा प्रयोग केवळ बाळंतिणीपुरता मर्यादित नाही. बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू पुरुषाचेही पोट सुटते. त्यामुळे आहारविहाराने वाढलेले पोट आणि नऊ महिने गर्भ वाहिलेले पोट यांना भाषेने एकाच सदरात घातले आहे. या एका प्रयोगाखाली कोणकोणत्या भिन्न अवस्था झाकल्या जातात हे स्पष्ट करणे, आणि पोटाला बळकटी आणणे व त्याचा स्वीकार करणे यांत वस्तुतः विरोध का नाही हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यांपैकी पहिली अवस्था गर्भाशयाची होय. गर्भधारणेपूर्वी पन्नास ते सत्तर ग्रॅम वजनाचे हे इंद्रिय प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलोग्रॅमचे झालेले असते आणि प्रसूतीनंतर लगेच त्याचा माथा बेंबीच्या आसपास हाताला लागतो. सुमारे दोन आठवड्यांत ते श्रोणीत उतरते व सहा आठवड्यांच्या सुमारास जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे होते. मुलाला अंगावर पाजताना पोटात ज्या कळा येतात, त्या याच आकुंचनाच्या असतात. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात दिसणारे पोट हे ‘सुटलेले’ नसून आवरत असलेले असते.

दुसरी अवस्था स्नायूंची. छातीच्या पिंजऱ्यापासून जघनास्थीपर्यंत पोटावर दोन उभे स्नायू असतात. त्यांना ‘रेक्टस ॲब्डॉमिनिस’ म्हणतात; लॅटिन ‘रेक्टस’चा अर्थ ‘सरळ’. त्या दोहोंना मध्यभागी जोडणारी तंतुमय पट्टी म्हणजे ‘लिनिया अल्बा’, अर्थात पांढरी रेघ. गर्भ वाढू लागला की ही पट्टी रुंदावते व पातळ होते, आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरतात. या अंतराला वैद्यकात ‘डायास्टॅसिस’ हे ग्रीक नाव असून त्याचा मूळ अर्थ ‘वेगवेगळे उभे राहणे’ एवढाच आहे. येथे काही फाटलेले नसते. जोड ताणलेला असतो. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी शेकडा साठ, सहा महिन्यांनी सुमारे पंचेचाळीस आणि वर्षाअखेरीस सुमारे तेहतीस स्त्रियांत हे अंतर आढळले. म्हणजे दर तिघींपैकी एकीच्या ठिकाणी ते वर्षभरानंतरही होते. विशेष असे की, अंतर असलेल्या स्त्रियांत कंबरदुखीचे प्रमाण इतर स्त्रियांहून अधिक आढळले नाही.

तिसरी अवस्था त्वचेची. ताणामुळे त्वचेच्या आतील थरात पडणाऱ्या रेषा प्रथम तांबूस किंवा जांभळट असतात व काही महिन्यांनी फिकट होतात. त्या पूर्णपणे पुसल्या जात नाहीत. चरकसंहितेत गर्भिणीच्या या विकाराला ‘किक्किस’ असे स्वतंत्र नाव दिले असून त्यावर लेप सांगितले आहेत आणि खाजवू नये असेही बजावले आहे. चौथी अवस्था मेदाची. रूढ अर्थाने ‘सुटणे’ जिला खरोखर लागू पडते, ती एवढी एकच.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. ‘पोट सुटले’ एवढेच निदान हाती असलेली स्त्री मेद झडावा म्हणून उताणी पडून धड उचलण्याचा व्यायाम नेटाने करू लागते. तिच्या स्नायूंत अंतर असेल, तर धड उचलताना पोटाच्या मध्यावर उंचवटा उभा राहतो. पट्टीवर न पेलणारा दाब पडत असल्याची ती खूण असते. महिनोन्‌महिने श्रम करूनही पोट आत जात नाही, तेव्हा ती दोष स्वतःच्या आळसाला देते. लघवी नकळत सुटणे किंवा बेंबीजवळ दुखरी गाठ येणे यांसारखी तक्रार असली, तरी तीही याच शब्दाखाली दडून राहते व वैद्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने बांधण्याची रीत आहे. तिचे मूळ जुने आहे. सूतिकेच्या उदराला तूप-तेल चोळून ते मोठ्या वस्त्राने वेष्टावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे; रिकाम्या झालेल्या उदरात वायूला अवकाश मिळू नये, हे त्याचे कारण. वायूची ही उपपत्ती आज कोणी मान्य करो वा न करो, या विधीचा हेतू स्वास्थ्य हा होता, बांधा नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिवाय त्याला मुदत होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दीड महिन्यानंतर पथ्याची बंधने सुटतात आणि ‘सूतिका’ ही संज्ञाही संपते. पुन्हा रजोदर्शन होणे हीही त्याची एक मर्यादा मानली आहे. घरोघरीचा सव्वा महिना आणि आधुनिक प्रसूतिशास्त्राचे सहा आठवडे यांचा याच्याशी स्थूलमानाने मेळ बसतो. आज मात्र पोट बांधण्याचा हेतू ‘पोट आत जाणे’ असा सांगितला जातो आणि मुदत अनिश्चित झाली आहे. पट्ट्याने आधार वाटतो, विशेषतः शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास हालचाल सुकर होते; पण पट्टा स्नायूंचे काम शिकवीत नाही, आणि तो फार आवळल्यास दाब खाली श्रोणीच्या तळावर जातो.

स्नायूंना बळ येते ते क्रमाक्रमाने. प्रथम श्वास सावकाश सोडीत पोटाचा खालचा भाग हलकेच आत घेणे आणि त्याच वेळी श्रोणीच्या तळाचे स्नायू वर ओढून धरणे; मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे, चालणे; आणि त्यानंतर, मध्यावर उंचवटा येत नाही हे पाहत, अधिक श्रमाचे व्यायाम. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने वैद्याच्या सल्ल्यानेच पुढचे पाऊल टाकावे. बळ वाढले म्हणजे अंतर पूर्णपणे मिटेलच असे नाही. परंतु अंतर थोडे राहूनही पोट भार पेलू शकते.

स्वीकाराचा प्रश्न येतो तो येथे. ‘पूर्ववत होणे’ हा शब्द आपण यंत्राच्या दुरुस्तीवरून शरीराकडे आणतो. जखमेसाठी मराठीत ‘भरून येणे’ असा प्रयोग आहे. भरून आलेल्या जखमेचा वण राहतो. म्हणून ती बरी झाली नाही असे कोणी म्हणत नाही. प्रसूतीनंतरच्या उदराला हाच प्रयोग अधिक शोभतो. बळ हे प्रयत्नाने मिळवावयाचे आणि वण मान्य करावयाचा, या दोन्ही गोष्टी त्यात सामावतात. हेच पोट भाषेने अन्यत्र किती मानाने वागविले आहे! स्वतःच्या अपत्याला ‘पोटचे मूल’ म्हणतात, अपराध ‘पोटात घालतात’, माया ‘पोटात’ असते.

नवा पारिभाषिक शब्द घडविल्याने हे सर्व साधेल असे नाही. परंतु बाळंतिणीला भेटावयास जाणाऱ्याने ‘पोट आत गेले का?’ असे विचारण्याऐवजी ‘उठताबसताना बळ वाटते का?’ असे विचारले, तर उत्तरादाखल काही सांगावेसे तरी तिला वाटेल. आणि सांगण्याजोगी तक्रार असेल, तर ती वेळेवर कळेल.